विमान होतं, पायलट होता, दाखला द्यायला मात्र कुणी नव्हतं: वेजिही हुर्कुश यांची कहाणी

१९३० सालची गोष्ट. इस्तंबूल शहराच्या कादिकोय भागात एका माणसाने लाकडाच्या वखारीची जागा भाड्याने घेतली. आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल की फर्निचरचं दुकान निघतंय. पण आत चाललं होतं भलतंच. तीन महिन्यांत त्या वखारीतून दोन आसनांचं एक हलकं विमान तयार होऊन बाहेर आलं. आराखडा त्याच माणसाचा, देखरेख त्याचीच आणि उडवणाराही तोच. २७ सप्टेंबर १९३० रोजी फिकिरतेपेच्या मैदानावर लोकांची गर्दी जमली, पत्रकार आले आणि सगळ्यांसमोर ते विमान हवेत गेलं. थोड्याच दिवसांत ते थेट राजधानी अंकारापर्यंत उडत गेलं.

आता सांगा, अशा माणसाचं पुढे काय व्हायला हवं होतं? सत्कार, कारखाना, सरकारी मदत? झालं ते वेगळंच. विमानाला उड्डाणाचा दाखला मिळावा म्हणून त्याने सरकारकडे अर्ज केला. उत्तर आलं की या विमानाची तांत्रिक तपासणी करू शकेल असं कुणी आपल्याकडे नाही, म्हणून दाखला देता येत नाही. मग काय करणार? त्याने स्वतःच्या हाताने बनवलेलं विमान सुटं केलं, रेल्वेवर चढवलं आणि दाखल्यासाठी परदेशात नेलं.

त्या माणसाचं नाव वेजिही हुर्कुश. आपल्याकडे वजीह हे नाव असतं ना, त्याच घराण्यातलं हे तुर्की नाव. तुर्कस्तानात आज त्यांचं नाव शाळकरी मुलांनाही माहीत आहे. आपल्याकडे मात्र त्यांच्याविषयी फारसं कुणी लिहिलेलं नाही.

बाप गेलेलं पोर आणि युद्धाचा काळ

वेजिही यांचा जन्म १८९६ सालचा, इस्तंबूलचा. वडील जकात खात्यात नोकरीला होते. वेजिही तीन वर्षांचे असतानाच वडील गेले. आई आणि नातेवाइकांच्या आधाराने पोर वाढलं. तो काळ उस्मानी सल्तनतीच्या शेवटच्या दिवसांचा. एकामागून एक युद्धं चालू होती. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटलं, तेव्हा सोळा वर्षांचे वेजिही स्वयंसेवक म्हणून आपल्या नात्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्यासोबत आघाडीवर गेले.

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं. वेजिही बगदादच्या आघाडीवर विमानांचे मेकॅनिक म्हणून गेले. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते विमानाजवळ पोहोचले ते पाना आणि स्क्रू हातात घेऊन. इंजिन उघडणं, बिघाड शोधणं, फाटलेलं कापड शिवणं, मोडलेली लाकडी पट्टी जोडणं, हे सगळं त्यांनी आधी केलं. एका अपघातात ते जखमी होऊन इस्तंबूलला परतले. तिथे येशिलकोयच्या विमान शाळेत शिकले आणि १९१६ मध्ये वैमानिक झाले.

१९१७ मध्ये त्यांना कॉकेशसच्या आघाडीवर पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी एक रशियन विमान पाडलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचंही विमान पडलं आणि ते जखमी झाले. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी आपलं विमान स्वतः जाळून टाकलं, आणि मग कैद झाले. रशियनांनी त्यांना कास्पियन समुद्रातल्या नार्गिन बेटावर ठेवलं. बाकू शहरासमोरचं हे बेट म्हणजे युद्धकैद्यांची छावणी. तिथून जिवंत बाहेर पडणं म्हणजे नशिबाचीच गोष्ट. वेजिही यांनी अझरबैजानी लोकांच्या मदतीने तिथून सुटका करून घेतली. त्यासाठी त्यांना समुद्रात पोहावं लागलं. मग इराणमार्गे पायपीट करत ते मायदेशी पोहोचले आणि आल्यावर परत विमानात बसले!

१९१९ ते १९२२ या काळात तुर्कांचं स्वातंत्र्ययुद्ध झालं. आपल्याकडे तेव्हा खिलाफत चळवळ जोरात होती. तिची मध्यवर्ती समिती मुंबईत होती आणि अंगोरा फंडासाठी गावोगावी वर्गणी गोळा होत होती. अंगोरा म्हणजेच आजचं अंकारा. आपल्या पणजोबा-पणजीच्या पिढीने ज्या लढाईसाठी पैसे दिले, त्याच लढाईत वेजिही विमान उडवत होते. विमानं मोजकीच होती, तीही जुनी. सुटे भाग मिळत नसत. तरी त्यांनी टेहळणी केली, हल्ले केले आणि शत्रूचं विमान पाडलं. युद्धानंतर तुर्की संसदेने तीनदा त्यांचा गौरव केला. लाल फितीचं स्वातंत्र्य पदकही त्यांना मिळालं.

पहिलं विमान आणि पहिली शिक्षा

युद्ध संपलं. १९२३ मध्ये प्रजासत्ताक आलं. वेजिही यांच्या मनात एकच विचार घोळत होता. विमानं आपण बाहेरून विकत घेतो. एखादा भाग तुटला की परत बाहेरच हात पसरायचा. मग आपलं विमान आपणच का बनवू नये?

इझमीरमध्ये ग्रीक सैन्याने मागे टाकलेलं सामान पडलं होतं. त्यातलं इंजिन आणि सुटे भाग घेऊन त्यांनी आपल्या आराखड्यावर विमान बांधलं. त्याचं नाव 'वेजिही के-६'. विमान तयार झालं, पण उड्डाणाची परवानगी द्यायची कुणी? त्यासाठी एक समिती नेमली गेली. पण विमान तपासून त्याबद्दल मत देईल असा जाणकार समितीतही नव्हता. दिवस जात राहिले. शेवटी २८ जानेवारी १९२५ रोजी वेजिही स्वतःच विमानात बसले आणि उडाले. विमान नीट उडालं, नीट उतरलं.

खाली उतरल्यावर लोकांनी अभिनंदन केलं आणि वरिष्ठांनी शिक्षा दिली. परवानगीशिवाय उड्डाण केलं म्हणून. लष्कराच्या नियमाने बघितलं तर शिक्षा चुकीची म्हणता येत नाही, पण वेजिही यांच्या मनाला ती फार लागली. त्यांनी हवाई दलाचा राजीनामा दिला. ते विमान परत कधी उडालं नाही.

त्याच सुमारास अंकारामध्ये एक संस्था सुरू झाली होती, तुर्क तय्यारे जमियती. नाव वाचून अर्थ लगेच कळतो. उर्दूत आपण विमानाला तय्यारा म्हणतो, तुर्कीतही तेव्हा तय्यारेच म्हणत. लोकांकडून वर्गणी घेऊन देशासाठी विमानं घ्यायची आणि लोकांमध्ये विमानाची आवड निर्माण करायची, हे या संस्थेचं काम. एखाद्या शहराने पैसे जमवले की त्या पैशातून घेतलेल्या विमानाला त्या शहराचं नाव देत. वेजिही या संस्थेत दाखल झाले.

दाखल्यासाठी परदेशी

आता परत १९३०च्या त्या वखारीकडे येऊ. तिथे तयार झालेल्या विमानाचं नाव 'वेजिही १४'. प्रशिक्षण आणि खेळाच्या उड्डाणासाठी बनवलेलं छोटं विमान. ते सगळ्यांसमोर उडालं, अंकाराला गेलं, तज्ज्ञ मंडळींनीही बघितलं. पण दाखला काही मिळेना.

हा दाखला म्हणजे नेमकं काय, हे समजून घेतलं पाहिजे. एखादं विमान एकदा उडालं म्हणजे ते सुरक्षित आहे असं होत नाही. पंख किती भार सोसतात, वजनाचा तोल कुठे पडतो, इंजिन किती वेळ दमदारपणे चालतं, वेग कमी झाला तर विमान कसं वागतं, उतरायला किती जागा लागते, हे सगळं तपासावं लागतं. त्यानंतरच सरकार लिहून देतं की हे विमान उडवायला योग्य आहे. हा कागद नसेल तर विमान विकता येत नाही आणि त्यावर विद्यार्थ्यांना शिकवताही येत नाही. म्हणजे नियम फालतू नव्हता, माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. अडचण एवढीच होती की नव्या देशात हे तपासणारे लोक तयारच झाले नव्हते आणि तयार करण्याची कुणाला घाईही नव्हती.

दुसरा कुणी असता तर दफ्तराच्या पायऱ्या झिजवत बसला असता किंवा विमान भंगारात देऊन मोकळा झाला असता. वेजिही यांनी विचार केला की ज्यांच्याकडे तपासणारे आहेत त्यांच्याकडे जाऊ. युरोपात चेकोस्लोव्हाकिया हा देश त्या काळी विमान बांधणीत पुढे होता. विमान खोललं, रेल्वेने तिकडे नेलं, परत जोडलं. कागदपत्रांचं भाषांतर करून घेतलं. तपासण्या झाल्या, उड्डाणं झाली. एप्रिल १९३१ मध्ये प्राग शहरात त्यांना दाखला मिळाला. वखारीत बनलेलं तुर्की विमान परक्या देशाच्या परीक्षेत पास झालं.

जाताना विमान रेल्वेने गेलं होतं. येताना वेजिही ते उडवत घेऊन आले.

आज विमानात बसून दोन-तीन तासांत आपण असं अंतर कापतो, पण १९३१चं छोटं विमान म्हणजे वेगळाच मामला. वर उघडं आकाश, कानात इंजिनचा आवाज, तोंडावर गार वारा. खालच्या लोकांशी बोलायला रेडिओ नाही. नकाशा मांडीवर घ्यायचा, होकायंत्र बघायचं आणि खाली नदी किंवा रेल्वेचे रूळ दिसले की त्यांच्या कडेने जायचं. ढग खाली आले की डोंगर दिसत नाही. पेट्रोल थोडंच मावतं, म्हणून टप्प्याटप्प्याने उतरावं लागतं. मध्य युरोप आणि बाल्कन प्रदेश ओलांडून मे १९३१च्या सुरुवातीला ते तुर्कस्तानात पोहोचले. ज्या बाल्कन प्रदेशात सोळाव्या वर्षी ते लढायला गेले होते, त्याच प्रदेशावरून पस्तिसाव्या वर्षी आपलं विमान घेऊन गेले.

गावोगावी उतरणारं विमान

दाखला हातात आल्यावर वेजिही यांनी विमान घरी झाकून ठेवलं नाही. संस्थेसाठी ते त्याच छोट्या विमानातून देशभर फिरले. अनातोलियाचा प्रदेश मोठा, मध्ये पठार, कडेने उंच डोंगर. रस्ते कमी, रेल्वे ठरावीक ठिकाणीच. कित्येक गावांत लोकांनी विमान कधी जवळून पाहिलंच नव्हतं. धावपट्ट्या तर नव्हत्याच. सपाट माळ किंवा कापणी झालेलं शेत बघून उतरायचं.

विमान उतरलं की अख्खं गाव जमायचं. वेजिही लोकांना विमान दाखवत, त्याबद्दल सांगत, संस्थेसाठी मदत मागत. या विमानाचा खरा धडा वेगळाच होता. आजवर लोकांनी पाहिलेली किंवा ऐकलेली विमानं फ्रान्सची, जर्मनीची, इंग्लंडची. हे विमान इस्तंबूलच्या वखारीत बनलं होतं. ते बघून एखाद्या सुताराच्या किंवा लोहाराच्या पोराच्या मनात काय आलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. आपल्या हातांनी हे होऊ शकतं, हे सांगायला भाषणाची गरज नव्हती. विमान समोर उभं होतं.

शाळा, मुली आणि परत तोच कागद

१९३२ मध्ये वेजिही यांनी इस्तंबूलमध्ये स्वतःची नागरी विमान शाळा काढली. लष्कराबाहेरच्या साध्या लोकांना विमान शिकवणारी ही शाळा. बारा विद्यार्थी आले, त्यात दोन मुली होत्या. त्यांतली एक बेद्रिये ताहिर गोक्मेन. ऑफिसात कारकुनी करून ती शिकायला यायची. पुढे तुर्कस्तानची पहिली महिला वैमानिक म्हणून तिचं नाव झालं. दुसरी एरिबे, वेजिही यांच्याच नात्यातली. १९३६ मध्ये पॅराशूटने उडी घेताना एरिबेचा जीव गेला. घरातल्या पोरीला आपण या वाटेला लावलं आणि तिचं असं झालं, हे दुःख त्या माणसाने कसं सोसलं असेल!

शाळेत शिकवणं चांगलं होतं, पण पैशाची ओढाताण कायम. उद्योगपती नुरी देमिराग यांनी मदत केली. त्या मदतीतून बनलेल्या विमानाला वेजिही यांनी 'नुरी बे' असं नाव दिलं. पण शाळेच्या प्रमाणपत्रांना सरकारी मान्यता मिळाली नाही. मान्यता नाही म्हटल्यावर विद्यार्थी कशासाठी येणार? शाळा बंद करावी लागली.

१९३४ मध्ये तुर्कस्तानात आडनावाचा कायदा आला. प्रत्येकाने आडनाव घ्यायचं होतं. वेजिही यांनी हुर्कुश हे आडनाव घेतलं. त्याचा अर्थ मोकळा पक्षी.

१९३७ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांना इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीतल्या वायमार शहरात पाठवण्यात आलं. हाताला कामाचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव होता, म्हणून अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. १९३९ मध्ये पदवी घेऊन आले. तर मायदेशात सांगण्यात आलं की दोन वर्षांत कुणी इंजिनिअर होत नाही. म्हणजे आधी विमानाला कागद नव्हता, मग शाळेला नव्हता, आणि आता कागद हातात असूनही तो मान्य नव्हता. त्यांना वरच्या न्यायसंस्थेपर्यंत जाऊन तो हक्क मिळवावा लागला. त्यानंतर बदली झाली ती दूर पूर्वेकडच्या वान शहरात, जिथे विमानाचं काही कामच नव्हतं. त्यांनी नोकरी सोडली.

शेवटपर्यंत थांबले नाहीत

पन्नाशीनंतर माणूस थकतो. वेजिही यांनी वैमानिकांची संघटना काढली, विमानावर मासिक काढलं, पिकांवर औषध फवारण्याचा विमान व्यवसाय सुरू केला. १९५४ मध्ये त्यांनी हुर्कुश हवायोल्लारी नावाची विमान कंपनी उभी केली. सरकारी कंपनीने काढून टाकलेली आठ विमानं उधारीवर घेतली. जिथे मोठ्या कंपनीची विमानं जात नाहीत अशा गावांना जोडायचं, हा विचार. पण अडचणी एकामागून एक आल्या, विमानं जमिनीवर उभी राहिली आणि डोक्यावर कर्ज चढलं. पुढे खनिजं शोधणाऱ्या सरकारी संस्थेसाठी ते देशाच्या आग्नेय भागात विमानातून पाहणी करत फिरले. कर्ज मात्र फिटलं नाही. देशसेवेबद्दल मिळणाऱ्या पेन्शनवरही जप्ती आली.

पन्नास वर्षांहून जास्त काळ ते उडत राहिले. शंभरहून अधिक प्रकारची विमानं त्यांनी चालवली. १६ जुलै १९६९ रोजी अंकाराच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. त्याच दिवशी अमेरिकेतून अपोलो ११ हे यान माणसांना घेऊन चंद्राकडे निघालं. जगभर त्याचीच चर्चा होती. लाकूड आणि कापडाच्या विमानांपासून सुरुवात केलेला हा माणूस त्या गडबडीत शांतपणे निघून गेला.

आणि मग तो दाखला

त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तुर्कस्तानने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी स्वतःचं नवं विमान बनवायला घेतलं. दोन आसनांचं. २०१३ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याला नाव दिलं 'हुर्कुश'. २०१६ मध्ये या विमानाला तुर्की नागरी हवाई खात्याचा आणि युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेचा दाखला मिळाला. ज्या माणसाच्या विमानाला तपासायला १९३० मध्ये देशात कुणी नव्हतं, त्याच्याच नावाच्या विमानावर ८६ वर्षांनी त्याच्या देशाने शिक्का मारला.

वाचून बरं वाटतं. पण थोडं वाईटही वाटतं, कारण शिक्का बघायला ते नव्हते.

आपल्या घरांमध्ये, मोहल्ल्यांमध्ये हाताने कमाल करणारी मुलं असतात. कुणी जुनी मोटर खोलून नवीन काहीतरी जोडतो, कुणी गॅरेजमध्ये बसून इंजिन नुसतं ऐकून बिघाड सांगतो. घरचे म्हणतात, डिग्री कुठाय? डिग्री पाहिजे, यात शंका नाही. वेजिही स्वतः चाळिशीनंतर डिग्री घ्यायला गेले होते. पण हातात कागद नाही म्हणून त्या पोराच्या हातातलं कसब खोटं ठरत नाही. त्याला कागद कुठे मिळेल, हे शोधायला मदत करणं मोठ्यांचं काम आहे. आपल्याकडे तपासणारा नसेल, तर जिथे आहे तिथपर्यंत त्याला पोहोचवायचं. वेजिही यांना ती वाट एकट्याने शोधावी लागली. आपल्या पोरांना एकट्याने शोधावी लागू नये, इतकं तर आपण करू शकतो.